राखण कोणाची आणि राखणदार कोण : वराळे व मावळातील ग्रामपंचायतींच्या संदर्भात

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील वराळे हे इंद्रायणीकाठचे गाव तळेगाव दाभाडे शहराला इतके लागून आहे की शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते, हे परक्या माणसाला सहसा कळत नाही. कारभाराच्या दृष्टीने मात्र ही सीमा अगदी ठळक आहे, कारण तिच्या अलीकडे नगरपरिषद आहे आणि पलीकडे ग्रामपंचायत. एका अंगाला रेल्वे स्थानक व बाजारपेठ, दुसऱ्या अंगाला आंबी, नवलाख उंबरे, मंगरूळ या गावांच्या परिसरात पसरलेली औद्योगिक वसाहत, आणि गावाच्याच हद्दीत अभियांत्रिकीसह अनेक शाखांचे शिक्षण देणारे महाविद्यालयीन संकुल, अशी या गावाची आजची ठेवण आहे. त्यामुळे पाहुणा म्हणून नव्हे तर रहिवासी म्हणून आलेला विद्यार्थी, कंत्राटी कामगार, भाडेकरू कुटुंब आणि सदनिका घेऊन स्थायिक झालेला नोकरदार हे सगळे मूळच्या शेतकरी घरांच्या शेजारी राहतात. ग्रामपंचायत या संस्थेची रचना ज्या काळी झाली त्या काळी असे गाव कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर नव्हते, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय या तफावतीतूनच निघतो.

गावाची सुरक्षितता म्हटले की चोरी, मारामारी आणि छेडछाड एवढ्याच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. परंतु माणूस सुखरूप घरी परतण्याशी ज्या ज्या गोष्टींचा संबंध आहे त्या साऱ्या, म्हणजे रस्त्यावरचा दिवा, नदीचा घाट, जुना पूल, यात्रेतील गर्दी आणि रात्री वाजणारा कर्णासुद्धा, सुरक्षिततेतच मोडतात. या व्यापक अर्थाने पाहिले असता ग्रामपंचायतीकडे पोलिसांचे अधिकार जवळजवळ नाहीत, पण सुरक्षिततेची बहुतेक साधने तिच्याच हाती आहेत, असे दिसून येते; आणि तिची खरी उणीव निधीची किंवा अधिकारांची नसून, राखण कोणाकोणाची करायची आहे याची यादीच अपुरी असल्याची आहे, हे येथे मांडावयाचे आहे.

मराठी मुलखात राखण ही पूर्वी वतनी सेवा होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि राखणदार यांच्या परस्परसंबंधांचे जे तपशीलवार वर्णन आले आहे, त्यावरून त्या व्यवस्थेची कल्पना येते. वेशीवरचा पहारा, परक्याची चौकशी आणि सरकारी निरोप पोचवणे ही कामे वेसकराच्या, म्हणजे वेशीची जबाबदारी असलेल्या महाराच्या माथी होती. रात्रीची गस्त व चोरीचा तपास ही कामे पुणे प्रांतात प्रामुख्याने रामोशी करीत. तपासाची रीत मोठी नेमकी होती : चोराच्या पावलांचा माग काढत राखणदार शिवेपर्यंत जाई, आणि माग शेजारच्या गावात शिरल्याचे त्या गावच्या राखणदाराला दाखवून दिले की जबाबदारी त्याच्यावर पडे, माग काढता आला नाही तर चोरीची भरपाई देण्याची पाळी राखणदारावरच येई. ही व्यवस्था आज काही जण कौतुकाने आठवतात, पण ते कौतुक अर्धवट आहे. ज्याच्यावर गावाची भिस्त होती त्यालाच गावकुसाबाहेर ठेवले जात होते, मोबदला म्हणून मिळणारे बलुते तुटपुंजे होते, आणि काम नाकारण्याची मुभा नव्हती. राखणदारीचे हक्क गेल्याचा असंतोष हे ज्या उठावामागचे एक कारण होते, त्या उठावाचे नायक उमाजी नाईक यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आले. आणि महार वतन ही गुलामीच आहे हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात ही कनिष्ठ वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, आणि वंशपरंपरागत पाटीलकी संपली ती १ जानेवारी १९६३ पासून.

वतने गेली, पण राखणीचे काम राहिले, आणि ते अनेक हातांत वाटले गेले. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमला जाणारा पोलीस पाटील हा प्रांताधिकाऱ्याने नेमलेला, मानधनावर काम करणारा गावातलाच रहिवासी असतो. गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे, बेवारस मृतदेहाची वर्दी देणे, तंटा वाढण्याआधी सूचना देणे ही त्याची कामे होत. २०२४ साली राज्य शासनाने त्याचे मासिक मानधन ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये केले. दुसरीकडे ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे पंचायतीने करावयाच्या कामांच्या जोडयादीत, गावाचा व पिकांचा पहारा आणि आग लागल्यास मदत हे विषय पहिल्यापासून आहेत. तिसरीकडे मुंबई पोलीस अधिनियमाने (आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो) पोलीस अधीक्षकाला स्वयंसेवकांचे ग्रामरक्षक दल उभारण्याची तरतूद दिली आहे. त्यात भर म्हणजे अण्णा हजारे यांच्या आग्रहानंतर २०१६ साली दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन अवैध दारूवर लक्ष ठेवण्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाने स्थापन होणारे आणखी एक ग्रामरक्षक दल आले. एकाच नावाची दोन दले, दोन कायदे आणि दोन वेगवेगळी वरिष्ठ खाती, अशा या गोंधळात सामान्य ग्रामस्थाने कोणत्या दलाकडे काय सांगायचे हे त्याला कोणी समजावून दिलेले नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने मात्र एक मूलभूत गोष्ट केली : भांडण पोलीस ठाण्यात जाण्याआधी चावडीवर मिटवणे ही गावाची प्रतिष्ठेची बाब ठरवली आणि त्यासाठी गावांना लोकसंख्येच्या प्रमाणात रोख पारितोषिके दिली. पारितोषिकाचा फलक अनेक गावांत आजही झळकतो, समितीच्या बैठका मात्र कित्येक ठिकाणी केव्हाच थांबल्या आहेत.

मावळात या सगळ्यावर हद्दीच्या प्रश्नाची आणखी एक भर पडली आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय अस्तित्वात आले, तेव्हा तळेगाव दाभाडे, तेथील औद्योगिक वसाहत आणि भोवतालची गावे आयुक्तालयाकडे गेली. वडगाव, कामशेत व लोणावळा मात्र पुणे ग्रामीण पोलिसांकडेच राहिले. म्हणजे तालुका एक, तहसीलदार एक, पंचायत समिती एक, पण पोलीस दले दोन. वराळ्यासारख्या गावातील ग्रामस्थाला तहसील कार्यालयातील कामासाठी वडगावला जावे लागते आणि त्याच्या गुन्ह्याच्या नोंदीची साखळी पिंपरी-चिंचवडला जोडलेली असते. माग शिवेपर्यंत नेऊन हात झटकण्याची जुनी रीत ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ या वाक्यात टिकून राहिली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात त्याची प्रथम खबर नोंदवून घेण्याची, म्हणजेच ‘झिरो एफआयआर’ची तरतूद थेट कायद्यात आणली, ही या बाबतीतली खरी सुधारणा होय.

हद्दीचा एक बारीक, पण जिवावर बेतू शकणारा पैलू नावाशी निगडित आहे. पुणे जिल्ह्यात वराळे नावाची दोन गावे आहेत, एक मावळात तळेगावजवळ आणि दुसरे खेड तालुक्यात चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात. दोन्ही गावांत कारखान्यांचे कामगार राहतात आणि दोन्हींच्या आसपास मालमोटारींची सारखीच वर्दळ असते. ११२ या क्रमांकावर केलेला दूरध्वनी गावच्या ठाण्यात वाजत नाही. राज्याच्या मध्यवर्ती संपर्क केंद्रात तो आधी घेतला जातो आणि मग संबंधित घटकाकडे सोपवला जातो. घाबरलेल्या, त्यातही परप्रांतीय माणसाने नुसते ‘वराळे’ एवढेच सांगितले तर गाडी नेमकी कोठे धाडायची हा प्रश्न उभा राहू शकतो. भ्रमणध्वनीवरून ठिकाण कळण्याची सोय असली तरी तिच्यावर सर्वस्वी विसंबणे शहाणपणाचे नाही. गल्ल्यांना नावे देणे, खांबांना क्रमांक देणे आणि प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी ‘वराळे, तालुका मावळ’ असा ठसठशीत फलक लावणे हे काम कोणत्याही पोलीस आयुक्ताचे नाही, ते ग्रामपंचायतीचे आहे, आणि कॅमेऱ्यांच्या मानाने ते फार स्वस्तात होते.

संकटाची खबर गावभर पोचवण्यासाठी महाराष्ट्रात डी. के. गोर्डे यांनी विकसित केलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा अनेक तालुक्यांत वापरली जाते. तिची रीत साधी आहे : नोंदणी केलेल्या ग्रामस्थाने १८०० २७० ३६०० या विनाशुल्क क्रमांकावर फोन करून आपल्या आवाजात संकट सांगितले की तोच आवाज परिसरातील सर्व नोंदणीकृत फोनवर एकाच वेळी वाजतो. बिबट्या, दरोडा, आग, पूर, हरवलेले मूल अशा प्रसंगी दवंडीचे काम ही यंत्रणा क्षणात करते. पण जी साखळी खरी खबर क्षणात पोचवते तीच अफवाही तितक्याच वेगाने पोचवू शकते, म्हणून संदेश देणाऱ्याची नोंद आणि खोट्या संदेशाला आळा हा अशा यंत्रणेचा प्राण असतो. तसा आळा नसलेल्या समाजमाध्यमांवरील संदेशांनी काय होते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे महाराष्ट्राने पाहिले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. आणि ती हत्या कोठल्या आडरानात झाली नाही, त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयातच कोंडून मारले गेले. ग्रामसंरक्षणाच्या विचारात ही घटना वगळणे ही आत्मवंचना ठरेल, कारण त्या जमावालाही आपण गावाची राखणच करीत आहोत असे वाटत होते.

परका म्हणजे धोका, हे समीकरण दुसऱ्या बाजूनेही फसवे आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मावळातल्याच कोथुर्णे गावात सात वर्षांच्या मुलीचे अपहरण करून तिचा खून करण्यात आला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ज्याला फाशीची शिक्षा सुनावली तो कोणी परगावचा नव्हता, शेजारीच होता. प्रत्येक गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली बाल संरक्षण समिती असावी असे शासनाचे धोरण आहे. अंगणवाडी सेविका, आशा स्वयंसेविका, शिक्षक आणि पोलीस पाटील यांना एकत्र बसवणारी ही समिती कागदावरून प्रत्यक्षात आली, तर ती वेशीवरच्या कमानीतील कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरेल, कारण घरातला आणि शेजारचा धोका कॅमेऱ्याला दिसत नाही.

मावळात जीव सर्वाधिक सहजपणे जातो तो मात्र चोरामुळे नव्हे, पाण्यामुळे आणि रस्त्यामुळे. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले. पुढच्याच पावसाळ्यात, १५ जून २०२५ रोजी, पुन्हा रविवारीच, वराळ्याच्या खालच्या अंगाला इंदोरीजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या व दुचाकींच्या भाराखाली कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचे माहीत होते, तसा फलक तेथे होता आणि नव्या पुलासाठी निधीही मंजूर झालेला होता. एवढे सारे असूनही माणसे मेली, याचा अर्थ असा की धोक्याचे ज्ञान आणि धोक्यापासून माणसाला अडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सरकारी कामकाजात पहिली झाली की दुसरीही झाली असे मानण्याची सवय फार जुनी आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन मावळातच, सुदुंबरे येथे आहे. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी कसलेली बचाव संस्था आहे. आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेले तरुण तालुक्यात आहेत. बचावाची एवढी सिद्धता फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला आली असेल. उणीव आहे ती आधीच्या एका तासाची : नदीचे पाणी वाढू लागल्यावर घाट, बंधारा आणि अरुंद पूल यांच्या दोन्ही तोंडांशी साखळी ओढून माणूस उभा करण्याची. हे काम रविवारी दुपारी करावयाचे असते आणि ग्रामपंचायतीचे कार्यालय त्या दिवशी बंद असते.

दिव्यांविषयी मात्र पंचायतीला दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची फारशी सोय नाही. कारखान्यातील दुसरी पाळी संपवून मध्यरात्री परतणारी कामगार स्त्री किंवा ग्रंथालयातून उशिरा निघालेली विद्यार्थिनी यांच्या दृष्टीने स्थानकापासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता उजळलेला आहे की नाही, हाच सुरक्षिततेचा पहिला आणि कित्येकदा शेवटचा प्रश्न असतो. २०२१ साली महावितरणने थकबाकीपोटी राज्यातील अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली, तेव्हा बिल शासनाने भरायचे की पंचायतीने, या वादात गावेच्या गावे अंधारात गेली. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचे दोन भाग होते, पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिलेला ६० टक्के बंधित निधी आणि गावाच्या गरजेनुसार खर्चण्याचा ४० टक्के अबंधित निधी. दिवे, कॅमेरे आणि फलक ही सारी कामे अबंधित निधीवरच अवलंबून राहतात. या निधीतून कॅमेरे बसवण्याकडे गावोगावी कल दिसतो, कारण कॅमेऱ्याचे उद्घाटन करता येते. जळलेला दिवा बदलण्याचे उद्घाटन कोणी करीत नाही. कॅमेरा घटना घडून गेल्यावर तपासाला मदत करतो, दिवा ती घडू न देण्यास मदत करतो, आणि अंधारात बसवलेला कॅमेरा या दोहोंपैकी काहीच करीत नाही. तेव्हा खर्चाचा क्रम काय असावा हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

गावाच्या उत्सवांकडे पोलिसी दृष्टीने पाहिले की ते बंदोबस्ताचे ओझे वाटतात. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हवा आणि वर्षातून फार तर पंधरा दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवलेल्या बैलगाडा शर्यतींना जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, प्रेक्षक व बैल दोघांच्याही सुरक्षिततेच्या अटी पाळाव्या लागतात. हे नियम आवश्यकच आहेत, पण उत्सवात आणखी एक गोष्ट दडलेली आहे जिच्याकडे नियम पाहत नाहीत. देहू आणि भंडारा डोंगर यांच्या सान्निध्यातील या पट्ट्यात अखंड हरिनाम सप्ताह हा गावोगावचा परिपाठ आहे. सात दिवस व सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, असा सप्ताहाचा दंडक. त्यासाठी देवळात पहारेकऱ्यांची यादी लागते, कोणी किती वाजता वीणा गळ्यात घ्यायची आणि कोणाच्या गळ्यात द्यायची हे तीत ठरलेले असते, आणि पहाटे दोन ते चारचा पहारा कोणाच्या वाट्याला यावा यावरून थोडी ओढाताण झाली तरी वीणा कधी खाली ठेवली जात नाही. पुढचा माणूस आला नाही तर आधीचा हलत नाही, आणि कोणीतरी जाऊन झोपलेल्याला उठवून आणतो. पगार नाही, गणवेश नाही, तरीही बदली माणूस आल्याशिवाय जागा न सोडणे हा जो नियम तेथे पाळला जातो, तो पाळणारी गस्त कोणत्याही ग्रामरक्षक दलाला हेवा वाटावा अशी होईल. मावळातल्या गावांना संघटना शिकवण्याची गरज नाही. तिची यादी सप्ताहापुरती न ठेवता पावसाळ्यातील रविवारांपर्यंत वाढवण्याची गरज आहे.

या यादीतच गावाचा कळीचा प्रश्न आहे. ग्रामसभा म्हणजे पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीत नाव असलेल्या सर्वांची सभा, अशी कायद्याची व्याख्या आहे. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात, गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, आणि नियमित सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा अपेक्षित असते. पण वराळ्यासारख्या गावात जो रात्री उशिरा अंधाऱ्या रस्त्याने जातो, जो नदीचा स्वभाव न जाणता पाण्यात उतरतो, जो अफवेच्या वेळी सर्वांत आधी संशयित ठरतो, त्याचे नाव बहुधा दुसऱ्या जिल्ह्याच्या किंवा दुसऱ्या राज्याच्या मतदार यादीत असते. तो घरभाड्यातून घरपट्टीचा भार सोसतो, गावातल्या दुकानांत खर्च करतो, पण सभेत मत देऊ शकत नाही. त्याचा दूरध्वनी क्रमांक सुरक्षा यंत्रणेत नसतो. गावाच्या दप्तरात तो कोठे असलाच तर पोलिसांच्या आदेशावरून घरमालकाने भरलेल्या भाडेकरू नोंदणीच्या अर्जात असतो, म्हणजे राखणीचा लाभार्थी म्हणून नव्हे, तर लक्ष ठेवण्याची वस्तू म्हणून. जुन्या गावगाड्याने राखणदाराला गावकुसाबाहेर ठेवले होते. आजच्या गावाने ज्यांची राखण करायची त्यांतल्या मोठ्या हिश्शाला यादीबाहेर ठेवले आहे.

मतदानाचा हक्क बदलणे पंचायतीच्या हाती नाही, परंतु सभेला निमंत्रित करणे, ऐकून घेणे आणि नोंदणी करणे याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. वसतिगृहांचे प्रतिनिधी, कामगार वस्त्यांतील एकदोन जाणती माणसे, सोसायट्यांचे सचिव आणि घरमालक यांना ग्रामसभेत निमंत्रित म्हणून बसवता येते. भाडेकरू नोंदणीच्या अर्जाबरोबरच सुरक्षा यंत्रणेची नोंदणी करून घेता येते. नदीकाठच्या धोक्याच्या सूचना मराठीबरोबर हिंदीतही लिहिता येतात. आणि पावसाळ्यात घाटावर उभे राहण्याच्या पाळ्यांमध्ये महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी गावातल्या तरुणांच्या जोडीला येऊ शकतात. या चारही गोष्टींना लागणारा खर्च एका कॅमेऱ्याच्या किमतीत भागण्यासारखा आहे. मावळातील सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना या व्यासपीठावरून एवढीच विनंती आहे की पावसाळा सुरू होण्यापूर्वीच्या १ मे च्या ग्रामसभेत गावात राहणाऱ्या, पण मतदार नसलेल्या रहिवाशांची नोंद हा विषय विषयपत्रिकेवर पहिला घ्यावा आणि त्या सभेला त्यांना बोलावून घ्यावे.